तीन टक्क्यांचं च्युइंगम

मुलीच्या बारावीच्या वर्षात बापाने लक्ष घालू नये, असा कोरियातल्या चोंगजू शहरात कुठेही लेखी नियम नाही. योम ग्यूसिक यांनी तो शोधून पाहिला होता. पालिकेच्या तक्रार निवारण कक्षात बावीस वर्षे काढलेल्या माणसाला लेखी नसलेला नियम पाळणे जड जाते, पण घरोघर तो पाळला जात होता. कोणती शिकवणी लावायची, कुठल्या मास्तरांच्या टिपणांना भाव आहे, कोणाची मुलगी कितीला उठते, हे सगळे आयांचे खाते. बापाने पगार आणावा, सकाळी गाडीने शाळेत सोडावे आणि संध्याकाळी टीव्हीचा आवाज बारीक ठेवावा. योमसाहेबांनी हे अकरा वर्षे चोख केले. बाराव्या वर्षी मात्र त्यांच्या मनाने घेतले की आपण कशाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे.

त्यांची मुलगी सोदाम हिला वनशास्त्र शिकायचे होते. गावातल्याच राष्ट्रीय विद्यापीठात तो विभाग होता आणि तिथे प्रवेशाला नोव्हेंबरच्या परीक्षेत गणितात वरून तिसरी श्रेणी लागत होती. सोदाम चौथ्या श्रेणीत अडकली होती. सराव परीक्षेत दोन गुण कमी पडले होते. हे दोन गुण कुठून आणायचे याची चर्चा घरात रोज चाले. ती सोदाम आणि तिची आई करत. योमसाहेब आत आले की दोघी थांबत आणि आई विचारी, "वाढू का?"

एप्रिल महिन्यात त्यांच्या टेबलावर एक तक्रार आली. बसथांब्याच्या बाकावर कोणीतरी चिकटवलेल्या च्युइंगमवर बसल्याने एका गृहस्थांच्या नव्या पॅंटचे नुकसान झाले होते. तक्रारीला सात दिवसांत उत्तर द्यायचे असा नियम, आणि योमसाहेबांचे उत्तर नेहमी अभ्यासपूर्ण असे. च्युइंगम या विषयावर माहिती जमवताना त्यांच्या सहायकाने एका वर्तमानपत्राचे कात्रण फायलीला लावले. परदेशात कुठेशी एका शाळेत अर्ध्या मुलांना गणिताच्या वेळी च्युइंगम चघळायला दिले, अर्ध्यांना दिले नाही. चघळणाऱ्यांना तीन टक्के गुण जास्त मिळाले. कात्रण तिथेच संपत होते, कारण पुढचा मजकूर कात्रीच्या पलीकडे राहिला होता.

योमसाहेबांनी पेन खाली ठेवले. शंभराचे तीन टक्के म्हणजे तीन गुण. मुलीला हवेत दोन. एक शिल्लक राहत होता.

इतक्या महत्त्वाच्या बाबीत घाई करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी पाच प्रकारची पाकिटे आणली आणि आधी स्वतःवर प्रयोग केला. कचेरीत खिडकीमागे बसून, तोंडात एक पट्टी टाकून, ते तीन आकडी गुणाकार करत आणि घड्याळ बघत. द्राक्षाच्या चवीला बराच वेळ लागला. कॉफीच्या चवीने दोन उत्तरे चुकली. पुदिन्याची परीक्षा चालू असताना खिडकीसमोर एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांच्या दारातले गटार तीन आठवडे तुंबले होते आणि ते सांगताना ते डोळे पुसत होते. योमसाहेबांनी सहानुभूतीने मान हलवली, पण जबडा थांबवायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार आली, की मी माझे दुःख सांगत असता अधिकारी रवंथ करत होते.

बावीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावाची ही पहिली तक्रार. तिचे उत्तरही त्यांनाच लिहायचे होते. त्यांनी चार दिवस खर्चून असे उत्तर लिहिले की म्हाताऱ्या गृहस्थांनी उलट पत्राने आभार मानले आणि आपल्या शब्दांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. गटार मात्र तुंबलेलेच होते, कारण तो विभाग वेगळा.

पुदिना पक्का झाला. सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सोदाम गाडीत बसली तेव्हा योमसाहेबांनी कोटाच्या खिशातून एक पट्टी काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"हे काय अप्पा?"

"तीन टक्के," ते म्हणाले आणि मग सगळे समजावून सांगितले. शाळा येईपर्यंत ते बोलत होते. सोदामने पट्टी तोंडात टाकली. त्या वर्षात बापलेकींचे सलग पंधरा मिनिटे बोलणे पहिल्यांदाच झाले होते. खरे म्हणजे एकच जण बोलला, पण ते त्यांच्या लक्षात आले नाही. त्या दिवशी कचेरीत त्यांनी तीन जणांना सांगितले की मुलीच्या अभ्यासाचे आता मी बघतो.

च्युइंगमची बातमी बिऱ्हाडाखाली राहणाऱ्या हाम आजींना दोन दिवसांत लागली. हाम आजींनी चार मुलांना राजधानीच्या विद्यापीठांत पोचवले होते, त्यामुळे परीक्षेच्या बाबतीत इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा असे. परीक्षेच्या वर्षात घरात समुद्रशेवाळाचे सूप करायचे नाही, कारण ते बुळबुळीत, मूल घसरायचे. चिकट तांदळाची मिठाई खायची, म्हणजे मूल विद्यापीठाला चिकटते. हे सर्वांनाच ठाऊक होते. च्युइंगमबद्दल मात्र आजवर कोणी निर्णय दिलेला नव्हता. आजी वर आल्या, चटईवर बसल्या आणि त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिले.

"चिकटतं हे चांगलं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण थुंकावं लागतं, सोदामचे अप्पा. वर्षभर पोरगी रोज थुंकून टाकणार आणि विद्यापीठाने तिला जवळ करावं, हे कसं व्हायचं?"

योमसाहेब सुशिक्षित होते. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. पण तक्रार निवारणात ते एक गोष्ट शिकले होते, की आक्षेप नोंदवला गेला की तो निकाली काढावाच लागतो. त्यांनी नम्रपणे उपाय विचारला. आजींनी सांगितले, की चघळलेले टाकायचेच नाही. लाकडाच्या फळीवर चिकटवून ठेवायचे, परीक्षा होईपर्यंत. एकही खाली पडता कामा नये.

सोदामच्या आईची जुनी मिठाई थापायची फळी होती, ती गेली. रोज संध्याकाळी सोदाम कागदात गुंडाळून आणलेले च्युइंगम त्यावर चिकटवी आणि योमसाहेब खाली बारीक अक्षरात तारीख घालत. महिन्याभरात तीन ओळी भरल्या. सोदामच्या आईने फळी गच्चीत ठेवायला लावली. पाहुण्यांना काय सांगायचे हा तिचा प्रश्न होता. "लोक घरात मुलांची बक्षिसं लावतात," ती म्हणाली, "आपण उष्टं लावतो." योमसाहेबांनी त्या दिवशीची तारीख घातली. बारा वर्षे जिच्या हाती सगळा कारभार होता तिला थोडे दुखणारच, असे त्यांना वाटले.

आता खरी अडचण शाळेची होती. चघळायचे गाडीत आणि गणित सोडवायचे वर्गात, हे शास्त्राला धरून नव्हते. शाळेच्या नियमावलीत कलम एकोणीसमध्ये च्युइंगमला स्पष्ट मनाई होती. योमसाहेबांनी रीतसर अर्ज केला, पाच मुद्द्यांत, कात्रणाची प्रत जोडून. सोदामचे वर्गशिक्षक मोक सर हे तिशीतले, सतत झोप कमी पडलेले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारले की तिला काही आजार आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी तो मुख्याध्यापकांकडे पाठवला. मुख्याध्यापकांनी शाळा समितीकडे पाठवला. समितीने तीन आठवड्यांनी कळवले की एका विद्यार्थिनीला परवानगी देता येत नाही, कारण त्यात लाभ असेल तर तो पक्षपात होईल आणि लाभ नसेल तर परवानगीची गरज नाही.

हे उत्तर इतके निर्दोष होते की योमसाहेबांनी त्याची एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली. पण समितीत पालकही होते. त्या संध्याकाळी वर्गातल्या उरलेल्या तीस मुलींच्या तीस आयांना समजले, की सोदामचे घर एप्रिलपासून काहीतरी घेत आहे. मोक सरांचा फोन रात्री जेवणापर्यंत वाजत होता. अखेर शाळेने ठरवले की जुलैच्या सराव परीक्षेत प्रयोग करून पाहावा. अर्धा वर्ग चघळेल, अर्धा चघळणार नाही, मग काय ते दिसेल. चिठ्ठ्या टाकायचे ठरले. न चघळणाऱ्या अर्ध्यात आपली मुलगी जावी, असे म्हणणारी एकही आई निघाली नाही. दोघींनी तर वकिलाचा सल्ला घेतला. त्यामुळे सर्वच्या सर्व चघळणार असे ठरले. तुलना कोणाशी करायची हा मुद्दा योमसाहेबांनी बैठकीत मांडला, पण तोवर चहा आला होता.

या देशात नोव्हेंबरच्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना विमाने आकाशात थोपवून धरतात. एवढी त्या वीस-पंचवीस मिनिटांची शांतता पवित्र. जुलैच्या सराव परीक्षेत त्या शांततेत एकतीस जबडे चालू होते. बाहेर उभ्या असलेल्या शिपायाने नंतर सांगितले की त्याला गोठ्याशेजारी गेलेले आपले बालपण आठवले. सातवा प्रश्न कोणालाच ऐकू आला नाही. नवव्या प्रश्नात बाई स्टेशनला जाते की तिथून येते याबद्दल वर्गात दोन तट पडले. वर्गाची सरासरी पाच गुणांनी उतरली. आयांची बैठक झाली आणि निष्कर्ष निघाला की पुदिना चुकीचा होता.

हाम आजींचा निर्णय एव्हाना सगळ्या आयांपर्यंत गेला होता. टाकायचे नाही हे मान्य झाले आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठी फळी लावण्यात आली, तिच्यावर हजेरीच्या क्रमाने एकतीस उभे रकाने. ऑगस्टच्या उकाड्यात एके दुपारी चौदा नंबरच्या रकान्यातले सर्वांत वरचे च्युइंगम सुटून जमिनीवर पडले. चौदा नंबरच्या आईला चक्कर आली. पडण्याला जबाबदार कोण, हे ठरवायला पुन्हा बैठक. शाळा म्हणाली, फळी पालकांची. पालक म्हणाले, भिंत शाळेची. मोक सर झोपले होते. शेवटी कोणीतरी सुचवले की योमसाहेब सरकारी माणूस आहेत, जबाबदारी घेण्याची त्यांना सवय असेल.

अशा रीतीने ते च्युइंगम समितीचे अध्यक्ष झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते शाळेत जात, शिडीवर चढत आणि एकेक च्युइंगम अंगठ्याने दाबून पाहत. सैल आढळल्यास नोंद करत. मागच्या बाकावरच्या मुली खाली मान घालून बसत. सोदामचे बाक तिसऱ्या रांगेत होते, ती मागे वळून पाहत नसे. योमसाहेबांना वाटे, अभ्यासात किती बुडालेली आहे. घरी सोदामची आई एकदाच म्हणाली, "बारा वर्षांत तिच्या एकाही पालकसभेला आला नाहीत तुम्ही. आता शिडीवर चढता." त्यांनी ते कौतुक समजून घेतले.

आणि खरेच ते सुखात होते. सकाळच्या पंधरा मिनिटांची ते आदल्या संध्याकाळपासून वाट पाहत. शिवाय घरात आणखी एक गोष्ट घडू लागली होती. सोदाम जेवताना आपल्या वाटणीची मुळ्याची किमची, म्हणजे मुळ्याचे आंबवलेले तिखट लोणचे, जेवणाच्या काड्यांनी उचलून, एकेक फोड, त्यांच्या भातावर ठेवू लागली होती. न बोलता. पोरीला माझी किंमत कळली, असे त्यांनी कचेरीत सांगितले आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मोक सरांनी त्यांच्या हातात एक घडी केलेला कागद दिला. सूचनापेटीत सापडला होता, वर 'अध्यक्ष, च्युइंगम समिती' असे लिहिले होते. योमसाहेबांनी तो गाडीत बसून उघडला. कागद संगणकावर छापलेला होता.

'विषय: च्युइंगम थांबवण्याबाबत.

'१. गेले काही महिने मी रोज च्युइंगम चघळत आहे. माझा उजवा जबडा दुखतो. तोंड पूर्ण उघडताना आतून आवाज येतो. कडक काही फोडता येत नाही, मुळ्याची किमचीसुद्धा.

'२. गणित सोडवताना माझे लक्ष जबड्याकडे असते.

'३. ज्या बातमीवरून हे सुरू झाले, तिची शेवटची ओळ कात्रणात नाही. त्या अभ्यासाचा खर्च च्युइंगम बनवणाऱ्यांनी केला होता.

'४. घरी सांगणे जमत नाही. वडिलांचे मन मोडेल.

'तरी च्युइंगम थांबवायला कोणाची परवानगी लागते ते कळवावे. उत्तर फळ्याशेजारी लावावे. नाव देत नाही.'

पहिली गोष्ट त्यांच्या मनात आली ती अशी, की किती सुंदर मसुदा आहे. मुद्दे सुटे, भाषा स्वच्छ, मागणी एकच. बावीस वर्षांत अशा तक्रारी बोटावर मोजण्याइतक्या आल्या होत्या. मग त्यांनी वर्तमानपत्राचा जुना अंक काढवून पाहिला. शेवटची ओळ तिथे होती. पाच महिने ज्यावर उभे होतो ते एका कात्रीने तयार केलेले होते, हे मान्य करायला त्यांना पूर्ण एक दुपार लागली. पण तक्रार खरी असली तर खरी म्हणायची, एवढा त्यांचा धर्म होता.

त्यांना राग आला तो मात्र भलत्याच माणसाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे पट्टी देऊन झाल्यावर ते सोदामला म्हणाले, "तुमच्या वर्गात एका मुलीचा जबडा गेलाय. घरी सांगता येत नाही म्हणते. बापाचं मन मोडेल म्हणते. मला सांग, हा कसला बाप? पोरगी दुखणं घेऊन फिरते आणि याला पत्ता नाही."

सोदाम खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "असतील साधेच, अप्पा. वाईट नसतील."

"वाईट नसून काय उपयोग? रोज तिच्यासमोर बसून जेवत असेल ना तो? डोळे कुठे असतात त्याचे?" सिग्नल लागेपर्यंत ते बोलत राहिले. त्यांनी त्या बापाला बेपर्वा म्हटले, आत्मसंतुष्ट म्हटले, असल्या माणसाला समोर बसवून दोन शब्द ऐकवले पाहिजेत असेही म्हटले. शाळेशी उतरताना सोदामने दार नेहमीपेक्षा हळू लावले.

पुढचे पाच दिवस ते उत्तराचा मसुदा करत होते. घाई नव्हती, नियमाप्रमाणे मुदत होती. त्या अनामिक मुलीची त्यांना खरोखर काळजी लागली होती. सहाव्या दिवशी सकाळी न्याहारीला बसले असताना ते मनात पहिला मुद्दा घोळवत होते. आवाज येतो, कडक काही फोडता येत नाही. समोरून काड्या आल्या आणि मुळ्याची एक फोड त्यांच्या भातावर अलगद येऊन बसली. मग दुसरी.

योमसाहेबांनी मान वर केली. सोदामच्या पुढ्यात मऊ भात होता, पाण्यात कालवलेला. शेजारी मऊ अंड्याची वाटी. ती खाली बघून, तोंड फारसे न उघडता, डाव्या बाजूने जेवत होती. गाल एका बाजूला किंचित सुजलेला होता. किती दिवस सुजलेला होता कोण जाणे.

"हल्ली ही पेजच खाते," सोदामची आई आतून म्हणाली. "परीक्षेचं टेन्शन, दुसरं काय. तुम्ही का थांबलात? थंड होतंय."

ते जेवू शकले नाहीत. इतक्या दिवसांत जेवढ्या फोडी त्यांच्या भातावर आल्या होत्या, तेवढ्या सगळ्या एकदम घशाशी आल्यासारखे त्यांना झाले. कचेरीत ज्यांना ज्यांना सांगितले होते त्या सर्वांचे चेहरे आठवले. त्या बापाबद्दल गाडीत आपण काय काय बोललो तेही शब्दन् शब्द आठवले, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यावा असे त्यांना वाटले नाही. लाज वाटली. फार लाज वाटली.

गाडीत बसल्यावर त्यांनी खिशात हात घातला नाही. दोन चौक गेले.

"आज नाही?" सोदामने विचारले.

"नाही." त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "फार दुखतं का?"

सोदाम म्हणाली, "जांभई देताना."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही समजूत घातली असती, अप्पा. दुसरी चव आणली असती." ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणून ते जास्त लागले. "तक्रार केली की तुम्ही नीट वाचता. त्या गटारवाल्या आजोबांना तुम्ही चार दिवस बसून उत्तर लिहिलंत. मला वाटलं, मलाही लिहाल."

योमसाहेबांनी गाडी कडेला घेतली. मागून कोणीतरी भोंगा वाजवला. बोलायला लागले तेव्हा आवाज त्यांच्या ताब्यात नव्हता. "मला तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं ग. तुझी आई सगळं करते. मला काही येत नाही."

"माहीत आहे," सोदाम म्हणाली. "म्हणूनच खात होते."

त्या दिवशी पहिल्या तासाला ती शाळेत नव्हती, दातांच्या डॉक्टरकडे होती. डॉक्टरांनी महिनाभर जबड्याला पूर्ण विश्रांती सांगितली आणि हे असे कशाने झाले ते विचारले. योमसाहेबांनी उत्तर दिले, पाच मुद्द्यांत.

सातव्या दिवशी फळ्याशेजारी कागद लागला. 'आपली तक्रार खरी आढळली. च्युइंगम थांबवण्यासाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही, ती कधीच नव्हती. या प्रकारास एकटे अध्यक्ष जबाबदार असून त्यांना समज मिळाली आहे.' खाली सही आणि पूर्ण नाव. आयांनी गदारोळ केला. ऐन हंगामात फळी काढणे म्हणजे मुलींना कड्यावरून ढकलणे, असे चौदा नंबरच्या आईचे म्हणणे पडले. कोणी म्हणाले, याच्या मुलीचे काम झाले असेल, आता दुसऱ्यांचे बंद करतो. शेवटी तडजोड झाली. योमसाहेबांनी शिडीवर चढून एकेक च्युइंगम कालथ्याने सोडवले, एकतीस पाकिटांत भरले, वर हजेरी क्रमांक घातला आणि प्रत्येक आईकडून पोच घेतली. दोन तास लागले. मोक सरांनी खालून शिडी धरली होती, आणि काम संपल्यावर त्यांनी वाकून नमस्कार केला, तो शिडीला की योमसाहेबांना हे कळले नाही.

हाम आजी त्या आठवड्यात वर आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात आल्या, तेव्हा म्हणाल्या की मधेच सोडलेले सर्वांत वाईट, आणि गुण कमी पडले तर त्यांना विचारायला येऊ नये.

पुढे दोन महिने योमसाहेब सकाळी गाडी चालवत आणि गप्प बसत. इतके अवघड काम त्यांनी नोकरीत कधी केले नव्हते. पोषक आहार, श्वासाचे व्यायाम, मेंदूला चालना देणारे रंग, अशी निदान चार कात्रणे त्या काळात त्यांच्या नजरेखालून गेली आणि चारही त्यांनी फायलीत बंद करून टाकली. कधी सोदाम डोळे मिटून पडे, कधी पाढ्यासारखी सूत्रे पुटपुटे. एकदा तिने ओकच्या दोन जाती पानांवरून कशा ओळखायच्या ते आपणहून सांगितले. त्यांना काही कळले नाही. त्यांनी ते कळले नाही असे सांगितले, तेव्हा तिने पुन्हा सांगितले.

परीक्षा झाली. जबडा तोवर बरा झाला होता. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारले नाही, आणि सोदामची आई विचारत असताना ते गच्चीत जाऊन उभे राहिले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेत निकालाचे कागद वाटले गेले. त्या दिवशी कचेरीत गर्दी होती. पाणीपट्टीची वाढ झाली होती आणि शहर रांगेत उभे होते. योमसाहेबांनी पुढच्या क्रमांकाचे बटण दाबले, मान वर न करता "बोला" म्हटले, आणि समोरच्या खुर्चीत शाळेच्या गणवेशात सोदाम बसली. तिच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी होती. तासभर रांगेत बसली असावी.

"एका गुणाने गेलं," ती म्हणाली.

"आई काय म्हणाली?" त्यांनी विचारले.

"आईला अजून सांगितलं नाही. कोणालाच नाही. शाळेतून थेट इकडे आले."

बारा वर्षांत पहिला दात पडल्यापासून ते सराव परीक्षेच्या निकालापर्यंत प्रत्येक गोष्ट योमसाहेबांना दुसऱ्या दिवशी, सोदामच्या आईकडून, जेवण वाढता वाढता समजली होती. त्यांनी मुलीच्या हातातला कागद घेतला, वाचला, घडी करून परत दिला. मग त्यांनी खिडकीवर 'काम बंद' ची पाटी उलटी केली. मागे उभा असलेला गृहस्थ तावातावाने पुढे आला आणि म्हणाला, आत्ता कुठे माझा क्रमांक जवळ आलाय, मी तक्रार करीन. "जरूर करा," योमसाहेब म्हणाले आणि त्यांनी कोट उचलला.

जिन्यात पोचेपर्यंत सोदामने धीर धरला होता. पहिल्या वळणावर ती पायरीवर बसली आणि रडू लागली, तोंड पूर्ण उघडून, लहानपणी रडायची तशी. येणारे-जाणारे बघत होते. त्यांतले बरेच योमसाहेबांना ओळखत होते. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते, शेजारच्या शहरातही वनशास्त्राचा विभाग आहे, उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीचा अर्ज कसा करावा, हे सगळे त्यांना पाठ होते. त्यांनी काही सुचवले नाही.